नाव नीट पुकारायचं: कॉलनीतल्या ग्रॅज्युएशनच्या नोंदी, २०२०

४ मे, सोमवार

आज दुपारी गव्हर्नर मर्फींनी जाहीर केलं की न्यू जर्सीतल्या शाळा या शैक्षणिक वर्षात आता उघडणार नाहीत. कोरोनामुळे १८ मार्चपासून त्या बंदच आहेत, पण जूनमध्ये निदान ग्रॅज्युएशनपुरतं, म्हणजे बारावी संपल्याच्या समारंभापुरतं, मैदान उघडेल अशी आशा मुलं धरून होती. लेक बारावीला आहे. बातमी ऐकली, ‘बरं’ म्हणाली आणि वर खोलीत गेली. जेवायला खाली आली तेव्हा डोळे लाल होते.

आमच्या टाउनहाउस कॉलनीत यंदा बारावी संपवणारी अकरा मुलं आहेत. घरं वेगवेगळ्या देशांतून आलेली: मराठी, तेलुगू, गुजराती, चिनी, नायजेरियन, पोलिश. त्यांच्यासाठी काहीतरी नीट करायचं असं आज रात्री आम्ही चार आयांनी फोनवर ठरवलं. नोंदी ठेवतेय, कारण जवळच्या दोन कॉलन्यांतल्या मैत्रिणी म्हणाल्या, ‘तुम्ही आधी करताय, तर कसं केलं ते लिहून ठेव.’

९ मे, शनिवार

लेकीला सरळ विचारलं, ग्रॅज्युएशनमधलं नेमकं काय गेलं असं वाटतं? मला वाटलं पार्टी म्हणेल, फोटो म्हणेल. ती म्हणाली, ‘नाव घेतात ना, त्यानंतरचं ते चालणं.’

म्हणून स्टेज हवंच. सगळ्यांनी एका जागी जमायला बंदी आहे, तेव्हा स्टेजच घरोघरी न्यायचं असं डोक्यात आलं. ट्रेलरवर प्लायवूडचं स्टेज, प्रत्येक ड्राइव्हवेसमोर थांबायचं, नाव पुकारायचं, मुलाने एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरायचं. ओळखीतला एक लँडस्केपिंगवाला पाच बाय आठचा ट्रेलर द्यायला तयार आहे.

अकरा यार्ड साइनची, म्हणजे प्रत्येक मुलाच्या नावाच्या अंगणात रोवायच्या पाट्यांची, ऑर्डर दिली. २४ बाय १८ इंच, पन्हळी प्लास्टिक, खाली तारेचा खुंट, प्रत्येकी १४ डॉलर. सगळा देश हेच मागवतोय, त्यामुळे दोन आठवडे लागणार. अंगणात पाट्या लावायला एचओएची, म्हणजे कॉलनीतल्या घरमालकांच्या संघटनेची, परवानगी लागते. ईमेल टाकलीय.

१३ मे, बुधवार

गाड्यांच्या मिरवणुकीचं काय, याचं उत्तर आज मिळालं. राज्याच्या नव्या आदेशानुसार गाडीत बसून जमायला हरकत नाही. दोन गाड्यांत सहा फुटांपेक्षा जास्त अंतर नसेल तर काचा बंद ठेवायच्या. टाउनच्या पोलिसांना फोन करून कळवलं. त्यांनी तारीख आणि रस्ते लिहून मागितले.

काचा बंद, तर आतल्यांना ऐकू कसं जाणार? ड्राइव्ह-इन थिएटरवाले वापरतात तसा छोटा एफएम ट्रान्समीटर मागवला. ६० डॉलर.

मुलांच्या एपी परीक्षा (शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या) चालू आहेत, यंदा घरी बसून ४५ मिनिटांच्या. लेकीची उत्तरं गेली. तीन घरं पलीकडच्या मुलाचा फोटो अपलोड होईना आणि घड्याळ संपलं. त्याला जूनमध्ये पुन्हा बसायचंय. त्यामुळे आपल्या कार्यक्रमाची तारीख जूनच्या तिसऱ्या आठवड्याआधी धरता येत नाही.

१६ मे, शनिवार

रात्री आठला ओबामांचं भाषण सगळ्या वाहिन्यांवर होतं, खास यंदाच्या बारावीच्या मुलांसाठी. लेक आणि तिच्या दोन मैत्रिणी आपापल्या घरून फोन चालू ठेवून बघत होत्या. तिला आवडलं. मला मात्र तिचं परवाचं बोलणंच आठवत राहिलं. देशभरातल्या मुलांना एकत्र शाबासकी देता येते, पण एकेकाचं नाव तिथे कोण घेणार? ते ज्याचं त्याच्या माणसांनीच घ्यायला हवं.

२३ मे, शनिवार

पाट्या आल्या. तीन बाद.

एका पाटीवर रंग सांडल्यासारखा पसरलाय, ती छापखान्याची चूक. दोन मात्र सरळसरळ माझ्या चुका. नावं मी व्हॉट्सअॅप ग्रुपवरून बघून एक्सेलमध्ये टाकली आणि कुणालाही नमुना न दाखवता ऑर्डर दिली. नायजेरियन घरातल्या मुलाच्या नावातलं एक अक्षर गळलं. तेलुगू मुलीच्या बाबतीत घराण्याचं नाव आणि तिचं नाव यांची अदलाबदल झाली.

दोघांकडे जाऊन, दारापासून लांब उभं राहून माफी मागितली. मुलाची आई हसून म्हणाली, ‘असू द्या हो, दरवर्षी कुठे ना कुठे होतंच. सवय आहे आम्हाला.’ ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन हे सांगितलं तर लेक म्हणाली, ‘आई, माझंही तसंच आहे.’ तिच्या नावात ण आहे, आडनावात ळ. इंग्रजीत दोन्ही लिहिता येत नाहीत. दरवर्षी पहिल्या दिवशी हजेरी घेताना नवीन शिक्षक यादीत तिच्या नावाशी येऊन थांबायचे. ते थांबले की ती हात वर करायची. ‘ते गप्प झाले की समजायचं, आता आपणच.’ बारा वर्षं असं चाललं होतं आणि मला पत्ताच नव्हता. पेरेंट-टीचर मीटिंगला मीसुद्धा ते सोपं केलेलं नाव निमूटपणे चालवून घेत होते.

तीन पाट्या परत छापायला टाकल्या. घाईचे २५ धरून ६७ डॉलर. छापखान्याशी एका पाटीवरून वाद घालत बसले नाही, वेळ नव्हता. हे पैसे मी घालणार. पुढे जो कुणी करेल त्याने नाव छापायच्या आधी त्या-त्या घरून ‘बरोबर आहे’ असं लेखी घ्यावं. तोंडी नको.

आणि आज एक ठरलं. नावं मी पुकारणार नाही आणि दुसरं कुणी एकटंही पुकारणार नाही. प्रत्येकाचं नाव त्याच्या घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस घेईल, जगात जिथे असेल तिथून, रेकॉर्ड करून.

३० मे, शनिवार

ट्रेलरची पहिली चाचणी. शेजाऱ्यांच्या एसयूव्हीला जोडला, निघालो आणि पहिल्याच स्पीड ब्रेकरला ट्रेलरची मान उडाली. साखळ्या होत्या म्हणून निभावलं. गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायला लोखंडी गोळा, म्हणजे बॉल असतो. ट्रेलरची पकड दोन इंचाच्या बॉलसाठी होती आणि गाडीला बॉल होता १ ७/८ इंचाचा. बसताना बसल्यासारखा वाटतो, फरक डोळ्यांना कळत नाही. दोन्हींवर माप कोरलेलं असतं, ते वाचायचं. नवा बॉल १५ डॉलर.

दुपारी त्यावर स्टेज ठोकलं. टू-बाय-फोरच्या (नावापुरत्या दोन बाय चार इंची लाकडाच्या) बारा पट्ट्या आणि पाऊण इंची प्लायवूडचा एक पत्रा. मी मागच्या टोकाला उभी राहिले तर मागची बाजू खाली गेली आणि पुढून गाडीची स्प्रिंग करकरली. एका अक्षाचा ट्रेलर, मागे वजन पडलं की तो डुलणारच. मागच्या दोन कोपऱ्यांखाली लाकडी ठोकळे रचले तेव्हा थांबला, पण ते रचून काढायला प्रत्येक घरी आठ मिनिटं जाणार. अकरा घरं म्हणजे दीड तास नुसते ठोकळे.

६ जून, शनिवार

पायऱ्या करायला घेतल्या. तेवढ्यात दोन गल्ल्या पलीकडचा मुलगा ते बघायला आला. तो व्हीलचेअर वापरतो. अकरा मुलांच्या यादीत त्याचं नाव पहिल्या दिवसापासून माझ्या हाताने लिहिलेलं आहे, आणि चार आठवडे मी पायऱ्यांचं स्टेज करत होते. तो काही बोलला नाही. ट्रेलरची उंची नजरेने मोजली आणि विचारलं, ‘माझं नाव खाली जमिनीवर घेणार का?’

मला उत्तर देता येईना.

काम थांबवलं. रॅम्पचं गणित असं: एक इंच चढायला किमान बारा इंच लांबी, अमेरिकेतल्या एडीए, म्हणजे अपंगांच्या हक्कांच्या कायद्याच्या नियमांचं प्रमाण तेच आहे. ट्रेलरचा पृष्ठभाग जमिनीपासून वीस इंच, म्हणजे वीस फुटांचा रॅम्प, तोही दोन्ही बाजूंना. कुणाच्याही ड्राइव्हवेत ते शक्य नाही. त्याच्यापुरतं वेगळं काही करणं मला मान्य नव्हतं. संध्याकाळी ट्रेलर परत केला. दोन शनिवार आणि टू-बाय-फोरचे ४२ डॉलर गेले.

७ जून, रविवार

स्टेज जमिनीवरच, पण अगदी बुटकं. चार बाय चारचे दोन चौरस एकापुढे एक, दोन्ही टोकांना चार-चार फुटांचे रॅम्प. सगळी मुलं रॅम्पनेच चढतील आणि रॅम्पनेच उतरतील. पायरी कुणालाच नाही. लांब गाऊन घालून चालणाऱ्यांनाही तेच सोयीचं.

टू-बाय-फोर कडेवर उभा ठेवला की साडेतीन इंच भरतो. वर पाऊण इंची प्लाय, उंची सव्वाचार. त्याला एक्कावन्न इंचांचा रॅम्प लागतो आणि प्लायचा अर्धा पत्रा अठ्ठेचाळीसचा. म्हणून चौकट टू-बाय-थ्रीची केली. तो भरतो अडीच इंच, म्हणजे उंची सव्वातीन, रॅम्प एकोणचाळीस पुरे. आम्ही पूर्ण अठ्ठेचाळीस ठेवले, चढ आणखी सौम्य. दर सोळा इंचांवर आडवी पट्टी टाकलीय. माझ्या नवऱ्याने वर उड्या मारून बघितल्या, हलत नाही.

त्या मुलाला चाचणीला बोलावलं. पुढची छोटी चाकं रॅम्पच्या सुरुवातीलाच अडली. प्लायची पाऊण इंचाची कड तिथे उभी होती. आमच्या पायांना ती जाणवलीच नव्हती. कड तिरकी तासली, परत अडली. आणखी तासली, जवळजवळ कागदासारखी, तेव्हा चाकं सरकली. त्यानेच सांगितलं की उतरताना प्लाय गुळगुळीत लागतं. मग खरखरीत पट्टी आणून चिकटवली, २२ डॉलर. तो चार वेळा इकडून तिकडे गेला. पाचव्यांदा विचारलं तर म्हणाला, ‘आता बास, चांगलं झालंय.’

चारही तुकडे मिनीव्हॅनमध्ये मागच्या सीट दुमडून सरळ मावतात. ट्रेलर मुळात लागतच नव्हता.

९ जून, मंगळवार

घरी राहण्याचा आदेश उठला. बाहेर मोकळ्यावर १०० माणसांना परवानगी. आम्ही सगळे मिळून साठच्या आत आहोत. घरोघरी फिरण्यापेक्षा क्लबहाउसच्या रिकाम्या पार्किंगमध्ये एकदाच करायचं ठरलं. दोन गाड्यांत एक जागा मोकळी, माणसं आपापल्या गाडीशेजारी, सगळ्यांना मास्क. शेवटी गाड्यांची फेरी, घरातून बाहेर न पडणाऱ्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांसाठी. एचओएने होकार दिला.

११ जून, गुरुवार

या आठवड्यात रोज रात्री आवाज गोळा करतेय. अकरापैकी नऊ आले.

पद्धत अशी: फोन तोंडापासून वीतभर लांब, पंखा बंद, नाव दोनदा घ्यायचं, मध्ये श्वास. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फाइली ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये थेट उघडत नव्हत्या, त्यासाठी एफएफएमपेग हे जोड-सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागलं. त्यात एक रात्र गेली. कुणाचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा, कुणाचा फाटणारा. एकेक क्लिप घेऊन पातळी सारखी केली. फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही, तो पुन्हाच मागवायचा.

सासूबाईंना साताऱ्याला फोन केला. ‘नुसतं नाव घ्यायचं? त्यात काय,’ म्हणाल्या. पहिल्या क्लिपमध्ये कुकरची शिट्टी, दुसऱ्यात दारावरचा भाजीवाला. तिसऱ्यात त्यांनी पूर्ण नाव घेतलं, दाखल्यावर असतं तसं: मुलीचं, वडिलांचं, आडनाव. ण जिथल्या तिथे, ळ जिथल्या तिथे. आणि रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं म्हणून पुढे हळूच, ‘ये बाळा, ये.’ कापणार होते, नाही कापलं. मागे कोकीळ ओरडतेय तीही ठेवली.

नायजेरियातल्या आजोबांनी नाव घेऊन त्याचा अर्थही सांगितला. मुलगा म्हणाला, ‘हे मला माहीतच नव्हतं.’

१३ जून, शनिवार

रंगीत तालीम. जे बिघडलं ते:

एफएम ट्रान्समीटर कुचकामी. परवान्याशिवाय चालवायचा तर त्याची ताकद साधारण दोनशे फुटांपुरतीच ठेवावी लागते. शिवाय आम्ही न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या मधोमध, दोन्हीकडच्या स्टेशनांमुळे एफएमच्या पट्ट्यात मोकळी जागाच नाही. नाव अर्धं ऐकू येई आणि मध्येच कुणाचं तरी गाणं. खोका उघडलेला, त्यामुळे परत घेत नाहीत. माणसं आता बाहेर उभी राहू शकतात, तर साधा स्पीकर पुरतो. एका शेजाऱ्यांचा नवरात्रातल्या गरब्याचा मिळाला.

लांबच्या आजी-आजोबांना थेट बघता यावं म्हणून लावलेलं झूम चाळीस मिनिटांनी तुटलं, नेमकं आठव्या नावाला. फुकट खात्याची ती मर्यादा आहे, मी विसरले होते. एका महिन्याचे १५ डॉलर भरले. झूममधले सगळे म्यूट, आणि स्पीकरला आवाज थेट लॅपटॉपमधून वायरने. ब्लूटूथवर मध्येच माझ्या फोनची रिंग वाजली.

सगळ्यात वाईट हे: एक घर उशिरा आलं, क्रम बदलला आणि मी भलत्या मुलीची क्लिप लावली. दोन अक्षरं वाजेपर्यंत थांबवली, पण तिने ऐकलं. शाळांत ग्रॅज्युएशनला प्रत्येक मूल आपल्या नावाचं कार्ड पुकारणाऱ्याच्या हातात देतं, ते का देतं हे तेव्हा कळलं. आता प्रत्येकाला मोठा नंबर लिहिलेलं कार्ड. रॅम्पपाशी येऊन ते वर धरायचं. मी नंबर बघूनच क्लिप लावणार, यादी बघून नाही.

२० जून, शनिवार

सकाळी १० ची वेळ यासाठी घेतली: भारतात साडेसात संध्याकाळ, नायजेरियात दुपारचे तीन, चीनमध्ये रात्रीचे दहा. संध्याकाळचं केलं असतं तर साताऱ्यात पहाटे उठावं लागलं असतं.

आठला स्टेज मांडलं. पार्किंगला किंचित उतार होता, एका कोपऱ्याखाली पातळ पाचर घातली. उन्हात लॅपटॉपचा पडदा दिसेना. खोक्याची बाजू कापून त्यात तो ठेवला. दहाला सुरू करणार तर नायजेरियातल्या लागोसची लाइन गेली. मुलाच्या वडिलांनी ‘चालू करा’ म्हटलं, पण बाकीची मुलं थांबू म्हणाली. सहा मिनिटांनी आजोबा परत आले.

लेकीचा नंबर सात. कार्ड वर धरलं. मी बटण दाबलं आणि पार्किंगभर आजीचा आवाज आला. ती रॅम्पच्या मध्यावर थांबली. ‘ये बाळा, ये’ तिने आधी ऐकलं नव्हतं, मी सांगितलंच नव्हतं. मग ती चालत पुढे गेली, तिच्या बाबांच्या हातातून गुंडाळी घेतली आणि टोपीवरचा गोंडा उजवीकडून डावीकडे केला. पडद्यावर सासूबाई कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ आलेल्या की नुसतं कपाळ आणि कुंकू दिसत होतं.

नऊ नंबरला व्हीलचेअर. थांबली नाही, अडली नाही. त्याचं नाव त्याच्या पणजीने घेतलं, पोलंडहून, वय ९१. त्याने वरच्या सपाट जागेवर खुर्ची गर्रकन एकदा फिरवली. चाचणीत हे नव्हतं.

एकूण सत्तावन्न मिनिटं. फेरी धरून दीड तास.

२७ जून, शनिवार

हिशोब, ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी. पाट्या १५४, पुन्हा छपाई ६७. दोन पत्रे प्लाय ७६, त्यातला एक ट्रेलरसाठी आणलेलाच वापरला. टू-बाय-थ्री चौदा नग ३५, वाया गेलेले टू-बाय-फोर ४२, स्क्रू १०, खरखरीत पट्टी २२, रंग ३१. हिच बॉल १५, ट्रान्समीटर ६०, झूम १५. एकूण ५२७ डॉलर. माझे ६७ वजा करून घरटी साधारण ४२. ट्रेलर आणि एफएमच्या फंदात पडलो नसतो तर ११७ वाचले असते. वेळ मोजला तर आवाज गोळा करायला सुतारकामापेक्षा जास्त गेला. पुन्हा करायचं झालं तर त्याला एक आठवडा आधी हात घालेन.

रॅम्प आणि स्टेज जवळच्या कॉलनीत गेलं, त्यांचं ११ जुलैला आहे. त्यांना सांगितलंय, तासलेल्या कडेवर गाडी चढवू नका, ती लगेच तुटेल.

३० जून, मंगळवार

राज्याने ६ जुलैपासून मैदानावर ग्रॅज्युएशनला परवानगी दिलीय, म्हणून शाळाही मुलांना गटागटाने बोलावतेय. नावाचा उच्चार लिहून द्यायला शाळेचा फॉर्म आलाय, इंग्रजी अक्षरांत. लेकीने तो रकाना रिकामा ठेवला आणि ईमेलला आजीची क्लिप जोडली, ‘ये बाळा’ धरून.

आज नावं पुकारणाऱ्या शिक्षिकेचं उत्तर आलं. तिने क्लिप वीसेक वेळा ऐकलीय. ण जमतोय, ळ अजून जमत नाही. आजीला तो एकच शब्द सावकाश म्हणायला सांगाल का, असं विचारलंय. सासूबाईंना निरोप दिला. सकाळी उठल्यावर पंखा बंद करून पाठवतो म्हणाल्या.